मुकुंदरावांचा दुतोंडी कॉम्प्युटर

आमच्या गारखेड्यात रिटायर माणसं काय काय करतात! कुणी गच्चीवर दुधी लावतं, कुणी सोसायटीचं अध्यक्ष होतं. आमच्या शेजारचे मुकुंदराव, जन्मभर कोर्टात कारकुनी केलेले, ते जुने कॉम्प्युटर पाळतात. पाळतात म्हंजे पाळतातच. ऊन लागलं तर पडदा ओढतात, धूळ उडू नये म्हणून पंखा लावत नायत. बायको शिंकली तर म्हणतात, "जरा तिकडं शिंक."

त्यातला एक लई लाडका, तीसेक वर्षांचा. त्याच्या तरुणपणी लोक तो घरच्या टीव्हीला जोडायचे. चित्र झकास दिसावं म्हणून मुकुंदरावांनी जर्मनीहून एक ग्राफिक्स कार्ड मागवून त्याच्या पोटात बसवलं. झालं काय, गड्याला दोन तोंडं झाली! जुनं चित्र एका वायरीतून, कार्डाचं दुसऱ्या वायरीतून, आणि मॉनिटर एकच. तोही नव्या जमान्याचा. जुन्या तोंडाची भाषा त्याला कळत नाय, काळाठिक्कर पडतो. म्हणून मधे एक डबी जोडली, जुनं तोंड मिटून कार्डाचं उघडायला.

"ताई, हे समजायला डोकं लागतं," ते मला म्हणाले.

"व्हय, आणि ऐकायला कान. माझे दुखायलेत."

गेल्या महिन्यात एका दिवशी चित्र गेलं ते गेलंच. मुकुंदराव कार्ड काढायचे, त्याच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासायचे, फुंकर मारून परत बसवायचे. जगभरातल्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्यांना फोनवर विचारायचे. कुणी म्हणे गंज, कुणी म्हणे कार्ड म्हातारं झालं.

इकडं त्यांच्या बायकोला, कालिंदीला, तीच कॉम्प्युटरची खोली हवी होती. मुकुंदराव घोरतात असं की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. स्वतःची खाट टाकून तिला एकदा निवांत झोपायचं होतं.

"रविवारी ताईंसमोर चित्र दाखवा," तिनं बजावलं. "आलं तर खोली तुमची. नाही आलं तर भंगारवाला आणि माझी खाट."

मुकुंदरावांचं तोंड पार उतरलं. दोन घास कमी जेवले म्हणे.

रविवारी दुपारी मी पंच म्हणून उघड्या दाराशी खुर्ची टाकून बसले. कालिंदी चहा टाकायला गेली. मुकुंदरावांनी कॉम्प्युटर चालू केला. काळं. बंद केला, खोडरबर घासलं, परत चालू केला. काळंच.

मला उकडायला लागलं. बोर्ड दारामागं. पंखा लावावा म्हणून हात घातला आणि अंदाजानं एक बटन खाली केलं. पंखा जागचा हलला नाय, पण पडद्यावर लालनिळं चित्र झळकलं!

"आलं! बघा, खोडरबराची कमाल!"

मी गपचूप बटन वर केलं. गेलं.

"अरेरे, नीट बसलं नाही वाटतं." त्यांनी कार्ड अंगठ्यानं दाबलं. मी बटन खाली केलं. आलं. वर केलं. गेलं. "राजा, थांब ना रे," ते कार्डाला म्हणाले तवा मला हसू आवरंना.

"मुकुंदराव, दारामागचं हे बटन कशाचं हो?"

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. वाकून पाठ दुखते म्हणून त्या डबीचं बटन त्यांनीच भिंतीवर, पंख्याच्या शेजारी बसवून घेतलं होतं. "पण मी ते खालीच ठेवलं होतं!"

"आणि मी वर केलं," चहा घेऊन आलेली कालिंदी म्हणाली. "माणूस खोलीतून उठला की बोर्डावरची सगळी बटनं बंद. आईनं हेच शिकवलंय."

"अगं, ते लाईटचं नव्हतं!"

"मग लाईटच्या बोर्डावर कशाला बसवलंत?"

"मला सांगायचंस तरी!"

"विचारलंत का? जर्मनीला विचारलंत. स्वयंपाकघरात नाही विचारलंत."

मुकुंदराव हळूच म्हणाले, "पण चित्र आलं, ताई. खोली माझी."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी चहाचा घोट घेतला. "कॉम्प्युटर भंगारात जाणार नाय. पण खाट बी इथंच पडंल. सकाळ तुमची. दुपारी अन् रात्री ती झोपंल."

"पण मला रात्रीच निवांत वेळ मिळतो!"

"तिला बी."

तासाभरात खाट आत आली. एक बाजू मुकुंदरावांनीच धरली होती, "कार्डाला धक्का नको" असं कण्हत. कालिंदीनं उशी ठेवली, मग दारामागं जाऊन त्या बटनावर चिकटपट्टी लावली, चुकून परत वर जाऊ नये म्हणून.

"चित्र राहू द्या तुमचं," ती म्हणाली. "आता बाहेर व्हा. मला झोपायचंय."