पन्नास कोडी आणि एक धोटा

"करा सही. यात विचार करण्यासारखं काही नाही," सबनीससाहेब म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला.

टेबलाच्या अलीकडे श्रावणजी उभे होते. वय सत्तरीच्या आसपास, डोक्यावर पांढरी टोपी, काखेत कापडी थैला. साहेबांसमोर तीन खुर्च्या होत्या. एकीवर मी बसलो होतो, दोन रिकाम्या होत्या. 'बसा' हा शब्द साहेबांच्या तोंडून निघाला नाही. माझ्याही तोंडून निघाला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी साहेबांवर बरंच तोंडसुख घेणार आहे.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. नागपुरात किंग्जवेवर आमच्या बँकेची शाखा होती आणि तिथल्या फॉरेन एक्स्चेंजच्या टेबलावर मी ऑफिसर होतो. सबनीससाहेब रीजनल मॅनेजर. पुढे मी पंचवीस वर्षं परदेशात काढली आणि तिकडच्याच एका बँकेचा चीफ एक्झिक्युटिव्ह म्हणून रिटायर झालो. लोक मला त्या मोठ्या खुर्चीबद्दल विचारतात. मला मात्र आठवतो तो हा कागद.

श्रावणजी हे नागपुरातल्याच टिमकी वस्तीतल्या एका विणकर सोसायटीचे अध्यक्ष. माझ्या वडिलांचे जुने सोबती. दोघांचे माग एकाच गल्लीत होते, त्यामुळे मी त्यांना लहानपणापासून काकाजी म्हणतो. सोसायटीचे चाळीस हातमाग. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना परदेशातून ऑर्डर मिळाली होती: एक हजार सुती पलंगपोस, युरोपातल्या एका बंदराच्या शहरातल्या व्यापाऱ्यासाठी.

आता लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे काय ते सांगतो. टिमकीतल्या विणकराने माल पाठवला आणि तिकडच्या व्यापाऱ्याने हात वर केले, तर हा कुणाची कॉलर धरणार? म्हणून व्यापाऱ्याची बँक आधीच लेखी हमी देते की अमुक अमुक कागद आणा, पैसे आम्ही देतो. त्या कागदांत बिल असतं, पॅकिंग लिस्ट असते आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची अस्सल पावती. ती ज्याच्या हातात, त्यालाच बंदरावर माल मिळतो. बँक माल उघडून बघत नाही. ती फक्त कागद बघते. हमीतल्या शब्दांपेक्षा कागदात काही वेगळं दिसलं, तर ती पैसे नाकारू शकते. त्याला आम्ही डिस्क्रेपन्सी म्हणतो.

माल गेला, कागद माझ्याकडे आले, मी तपासले, पुढे पाठवले. आमच्या बँकेने सोसायटीला पैसे आधीच देऊन टाकले. ते सुतात आणि मजुरीत गेलेही. तीन आठवड्यांनी तिकडच्या बँकेचा टेलेक्स आला. हमीत 'एक हजार नग' लिहिलंय, पॅकिंग लिस्टमध्ये 'पन्नास कोडी'. सबब कागद नाकारले आहेत, तुमच्या हुकमाची वाट बघत आमच्याकडे ठेवले आहेत. तुम्ही पंधरा टक्के कमी घेणार असाल तर व्यापारी विचार करेल. साहेबांनी पुढे सरकवलेला कागद या सुटीच्या कबुलीचाच होता.

कोडी म्हणजे वीस. आमच्या विणकरांत साडी, धोतर, चादर, काहीही कोडीतच मोजतात. सोसायटीने पॅकिंग लिस्ट आपल्या सवयीने केली: दहा गाठी, प्रत्येकीत पाच कोडी. आणि मी ती वाचली तेव्हा माझी नजर अडखळलीच नाही. पुण्या-मुंबईचा कुणी ऑफिसर असता तर 'हे काय आहे' म्हणून थांबला असता. मी कोडीत मोजणाऱ्या घरात वाढलो. पन्नास कोडी म्हणजे हजार, हे मला इतकं पाठ होतं की ते चुकीचं लिहिलंय हे मला दिसलंच नाही. चूक शंभर टक्के माझी.

साहेबांनी ती मला सुनावलीही, तीही श्रावणजींच्या देखत. "विणकराच्या घरातला माणूस फॉरेनच्या टेबलावर बसवला की असंच व्हायचं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चूक आपली असली की राग गिळावा लागतो. मी गिळला.

"पंधरा टक्के म्हंजे आमची सारी मजुरी गेली, साहेब," श्रावणजी म्हणाले. "दिवाळीले सूत उचलाले पैसे नाही राहाचे. चाळीसही माग बंद पडतीन."

"आणि सही नाही केली तर सगळीच रक्कम बँक तुमच्याकडून वसूल करेल. मग काय कराल? मागही विकावे लागतील."

श्रावणजींनी कागदाकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "पंचाइले विचारल्याबिगर मले सही करता येत नाही. आमच्यात तशी रीत हाय."

"उद्या अकरापर्यंत," साहेब म्हणाले आणि दुसरी फाइल ओढली.

मी श्रावणजींना घेऊन बाहेर पडलो. बँकेच्या मागे कडुनिंबाखाली चहाची टपरी होती. बाकावर बसवलं आणि काय झालं ते सरळ सांगितलं. म्हटलं, काकाजी, चूक माही हाय.

"काहून गा? पन्नास कोडी म्हंजे हजारच होते ना?"

"ते आपल्याले माहीत हाय. त्याइले नाही."

"बँक चालवून राहिले अन् त्याइले मोजता नाही येत?"

मला हसू आलं नाही. कारण तोच तर मुद्दा होता. त्यांना सगळं मोजता येत होतं. बिलात एक हजार नग स्वच्छ लिहिलेले होते. तिकडचा बाजार पडला असणार, व्यापाऱ्याला माल महाग वाटत असणार, आणि बँकेने त्याच्यासाठी कागदात खोट शोधली असणार. या धंद्यात हे चालतं. पण नियमाने ते बरोबर होते, आणि नियमापुढे माझा संताप कुणी विचारात घेणार नव्हतं.

श्रावणजींनी बशीतला चहा संपवला. मग इकडेतिकडे बघून थैल्यात हात घातला. "अजून एक भानगड हाय. त्या साहेबाले सांगू नोको. याच्यावर दंड पडते काय, तेवढं पाह्य."

हवाई डाकेने आलेलं पत्र होतं. व्यापाऱ्याचं, सोसायटीच्या पत्त्यावर. परवाच आलं होतं. सुनेने थोडंफार वाचून दाखवलं आणि घरात सगळे घाबरले, म्हणून श्रावणजींनी ते थैल्यात लपवून ठेवलं होतं.

"गाठीत धोटा गेला गा," ते खालच्या आवाजात म्हणाले. धोटा म्हणजे ज्यातून आडवा धागा मागावर इकडून तिकडे पळतो ती होडीच्या आकाराची लाकडी वस्तू. "माह्या बापाचा होता. घरभर शोधला. मले वाटलं कोणी नेला. तो बांधताना कपड्यातच राह्यला."

मी पत्र वाचलं. व्यापाऱ्याने तक्रार केलीच नव्हती. चौथ्या गाठीत एक लाकडी वस्तू सापडली, दुकानातल्या लोकांना ती फार आवडली, हे नेमकं काय असतं ते कळवा, असं त्याने गमतीने लिहिलं होतं. मी वरची तारीख बघितली. मग खिशातून टेलेक्सची नक्कल काढून तिची तारीख बघितली. पत्र टेलेक्सच्या आठ दिवस आधीचं होतं.

म्हणजे बँक ज्या दिवशी 'कागद नाकारले आहेत, आमच्याकडे ठेवले आहेत' असं सांगत होती, त्याच्या आधीच आठ दिवस व्यापाऱ्याने गाठी फोडल्या होत्या. अस्सल पावतीशिवाय बंदरावर माल मिळत नाही, आणि पावती होती त्या कागदांत. बँकेने कागद गुपचूप व्यापाऱ्याला दिले, त्याने माल उचलला, दुकानात मांडला, आणि वर आम्हालाच पंधरा टक्के सूट मागत होते. चोर तो चोर, वर शिरजोर. एकदा कागद गिऱ्हाइकाच्या हातात दिले की ते स्वीकारल्यासारखेच. मग नाकारायचा हक्क उरत नाही.

"काकाजी, दंड गिंड काही नाही," मी म्हणालो. "तुमच्या बापाच्या धोट्यानं वाचवलं."

त्यांना काही कळलं नाही. 

मी धावत केबिनमध्ये गेलो. साहेबांनी पत्र वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच गाठी फोडल्या होत्या.

"तुम्ही काय म्हणता हेडाऊ, त्या बँकेला टेलेक्स करायचा की तुम्ही खोटं बोलता?"

"खोटंच बोलतात ते, साहेब."

"तीस वर्षांचे संबंध आहेत त्यांच्याशी आपले. एका लाकडाच्या तुकड्यावरून मी ते बिघडवू? हेड ऑफिसमध्ये हसतील मला. म्हाताऱ्याची सही घ्या आणि विषय मिटवा."

इथे मला खरी तिडीक आली. परदेशी बँकेचा शब्द म्हणजे वेदवाक्य, आणि आपल्या खातेदाराच्या हातातलं पत्र म्हणजे लाकडाचा तुकडा. त्या बँकेशी आपले संबंध तीस वर्षांचे. टिमकीशी संबंध नाहीत काय? ठेवींच्या, मजुरीच्या रांगा कुणाच्या लागत होत्या आपल्या काउंटरवर? पण मी हे बोललो नाही. रागात बोललेलं साहेब लोकांच्या कामाला येतं, आपल्या नाही.

मी म्हणालो, "ठीक आहे साहेब. भांडायचं नाही. त्यांनी कागद नाकारलेत, आपण मान्य करू. फक्त कागद परत मागवू. ते लिहितातच की आपल्या हुकमाची वाट बघत ठेवलेत. तर हुकूम देऊ. पावती हातात आली की माल दुसऱ्या कुणाला विकता येईल."

"कुणाला?"

"ते सोसायटी बघेल."

साहेबांनी विचार केला. यात कुणाला खोटं पाडलेलं नव्हतं. नेहमीचा, रुटीन टेलेक्स होता. "करा," ते म्हणाले. "म्हणजे तुमचंही समाधान होईल."

टेलेक्स दोन ओळींचा होता. तुमचा नकार मिळाला. बिल ऑफ लेडिंगसह सर्व मूळ कागद आजच्या आज हवाई डाकेने परत पाठवा. आभार. तो 'आभार' मी मुद्दाम घातला होता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता श्रावणजी आले. पंचांनी सही करू नका म्हणून सांगितलं होतं. साहेब भडकले, पण टेलेक्सचं उत्तर येईपर्यंत काही करता येत नव्हतं. त्या दिवशी उत्तर नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. श्रावणजी रोज अकराला येत आणि माझ्या टेबलासमोर बसत. आता मी खुर्ची आधीच ओढून ठेवत होतो. उशिराच सुचलं, पण सुचलं. त्यांच्या गप्पांतून मला कळत होतं की टिमकीत कुणी सूत उचललं नाही, कुणी मुलीची सोयरीक पुढे ढकलली. ते हे सगळं तक्रार न करता सांगत, आणि मला ते ऐकवत नसे.

तिसऱ्या दिवशी दुपारी टेलेक्स खडखडला. व्यापाऱ्याने डिस्क्रेपन्सीसकट कागद मान्य केले आहेत, पूर्ण रक्कम आज पाठवत आहोत. कागद परत पाठवण्याबद्दल एक अक्षर नाही. कुठून पाठवणार? माफीही नाही.

मी श्रावणजींना वाचून दाखवलं. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली.  मग म्हणाले, "पैसे आले, बरं झालं. धोटा कवा येते?"

धोट्यासाठी मी त्या व्यापाऱ्याला दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही.

सबनीससाहेबांनी हेड ऑफिसला लिहिलेल्या रिपोर्टात 'माझ्या वेळीच केलेल्या हस्तक्षेपामुळे' असं वाक्य होतं. मी ते टाइप होताना पाहिलं. त्याच आठवड्यात मला मेमो मिळाला: कागद तपासण्यात गंभीर हयगय. त्या वर्षी फॉरेन पोस्टिंगच्या यादीतून माझं नाव गेलं. दोन वर्षांनी परत आलं, तोवर साहेब प्रमोशनवर मुंबईला पोचले होते.

पुढे मी चीफ एक्झिक्युटिव्ह झालो, त्याच्या पहिल्याच महिन्यात एक तरुण ऑफिसर नकाराचा मसुदा घेऊन माझ्या केबिनमध्ये आला. आशियातल्या कुठल्याशा छोट्या कारखान्याचे कागद होते, आणि खोट होती एका शिक्क्याची.

"माल कुठे आहे?" मी विचारलं.

"कस्टमरच्या गोदामात, सर. बाजार पडलाय, म्हणून... सगळ्याच बँका करतात, सर."

माझ्या तोंडून शिवी गेली, ती अस्सल नागपुरी. त्याला शब्द कळला नाही, अर्थ बरोबर कळला. त्या दिवसापासून आमच्या बँकेत नियम झाला की नकाराच्या प्रत्येक कागदावर माल आज कुठे आहे ते ऑफिसरने लिहून खाली सही करायची. काही जुने कस्टमर रागावून निघून गेले. गेले तर गेले.

तो मेमो अजून माझ्या कपाटात आहे. त्यात लिहिलेलं सगळं खरं आहे, पन्नास कोडी मला दिसल्या नाहीत. पण सत्तर वर्षांचा माणूस रिकाम्या खुर्च्यांपुढे उभा होता, तो साहेबांना आणि मला, दोघांनाही दिसत होता. त्याचा मेमो कुणालाच मिळाला नाही.