सहासष्ट फूट

नोकरीभर मी लोकांच्या जमिनी मोजल्या. करमाळ्याकडच्या शिवारांत बांधावरून कुऱ्हाडी निघायच्या, आणि मी मोजणीचा फिता सोडून आकडा सांगितला की गुपचूप परत घरी जायच्या. माझा आकडा म्हणजे आकडा. जन्मात एकदाच खोटा सांगितला, तोही निवृत्तीनंतर आणि क्रिकेटपायी.

सोलापुरातल्या आमच्या कॉलनीत मोकळं मैदान एकच. रविवारी सकाळी आम्ही पेन्शनर तिथं दोन फेऱ्या मारतो आणि मग कडुनिंबाखाली खुर्च्या टाकून सरकारला अक्कल शिकवतो. चिंचोळी एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरांनाही सुट्टी रविवारचीच. त्यांचा चेंडू आमच्या चहात पडायला लागला तसं भांडण पेटलं. शेवटी ठरलं, आठ षटकांचा एक सामना खेळायचा. जिंकेल त्याची रविवार सकाळ.

खेळपट्टी मोजायचं काम माझ्याकडेच आलं. पोरांचा कॅप्टन म्हणाला, "काकांनी मोजल्यावर वादच न्हाय."

आदल्या दिवशी आम्ही दोघं फिता घेऊन मैदानावर गेलो. फिता हातात आला की माझं तोंड बंद राहत नाही.

"बावीस यार्ड कुठून आले, ठाऊक आहे? बावीस यार्ड म्हणजे सहासष्ट फूट. गोरा साहेब ज्या साखळीनं शेतं मोजायचा, ती एवढीच लांब. तीच गवतावर टाकली आणि दोन्ही टोकांना स्टंप ठोकले. आपल्या गुंठ्याची बाजू तेहतीस फूट. दोन गुंठे शेजारी ठेव, झाली खेळपट्टीची लांबी. हा खेळ मूळचा आमच्या खात्याचा, बघ."

"लई भारी," म्हणत तो फित्याचं शून्याचं टोक धरून उकिडवा बसला.

मी फिता सोडत निघालो. पोरांकडे एक सहाफुटी बोलर होता. तो नुसता धावायला लागला तरी आमच्या निवृत्त हेडमास्तरांचा गुडघा दुखायचा. चेंडूला चार फूट जास्त चालवलं तर त्याचा जोर तेवढाच उतरेल, असा मी विचार केला. सत्तरवर थांबलो आणि खणखणीत आवाजात ओरडलो, "सहासष्ट!" एवढी मजा मला बढतीच्या दिवशीही आली नव्हती.

रविवारी आमची बॅटिंग आधी. सहाफुट्याचे चेंडू दमून यायचे. हेडमास्तरांनी दोन चौके मारले आणि बायकोला फोन करून कळवलेसुद्धा. त्रेचाळीस धावा झाल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग आमची बोलिंग आली. याच खेळपट्टीवर आपल्यालाही चेंडू टाकायचा आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! आमच्या पोस्टमास्तरांच्या चेंडूनं तीन टप्पे घेतले. तोवर बॅट्समननं टोपी नीट केली, मग षटकार मारला. माझा चेंडू तर वाटेतच थांबला. बॅट्समन बिचारा चालत आला, चेंडू उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "काका, जवळनं टाका की." चौथ्या षटकात सामना संपला.

सगळे पांगल्यावर कॅप्टन स्टंप उपटायला आला. मला राहवेना.

"पोरा, खेळपट्टी चार फूट जास्त आहे. मीच केली."

"ठाव हाय की," तो हसला. "तुमी गेल्यावर पावलं टाकून बघितली. पोरं म्हणली, सांगूया. म्या म्हणलं, गप बसा, काकांचाच चेंडू पोचायचा न्हाय."

मीही पोट धरून हसलो. मग त्यानं आवाज खाली केला.

"फकस्त आमच्या आण्णांस्नी कळू देऊ नका. करमाळ्याकडं आमचा बांध तुमीच मोजला हुता. दीड हात रान चुलत्याकडं गेलं. तरी आण्णा अजून म्हणत्यात, त्या सायबानं मोजलंय म्हंजी खरंच आसंल."

माझं हसू तिथंच थांबलं. लाज वाटली, आणि ती सामना हरल्याची नव्हती.

पुढच्या रविवारी मैदान पोरांचं होतं. मी फिता घेऊन गेलो, शून्याचं टोक धरून खाली बसलो आणि कॅप्टनला पुढं पाठवलं.

"सहासष्ट!" तो पलीकडून ओरडला.

मी बघायला उठलो नाही.