पंचावन्नचं अठ्ठावन्न

विमान चालवणाऱ्यांचं निवृत्तीचं वय वाढवावं की नाही, यावर सध्या पेपरात रोज कोणीतरी अक्कल पाजळतं. अनुभव मोठा की नजर मोठी, असला वाद. मी वाचते आणि चरफडते, कारण हा वाद आमच्या दहिवलीच्या घरात केव्हाच होऊन गेलाय.

बाबा रेल्वेत घाटाचे ड्रायव्हर होते. कर्जतला गाडीच्या मागे जी इंजिनं लागतात आणि तिला रेटत घाट चढवतात, त्यातलं एक त्यांचं. गाडी वर पोचवायची आणि मोकळं इंजिन घेऊन खाली यायचं. इंजिनात दोघं असत, आणि सिग्नलचा दिवा दिसला की दोघांनीही त्याचा रंग मोठ्याने म्हणायचा, असा नियम. एक म्हणाला 'हिरवा', की दुसऱ्यानेही 'हिरवा'. बाबांना ही सवय इतकी जडली होती की नदीच्या पुलावरून स्टेशनाजवळचा सिग्नल दिसला की ते भर रस्त्यात रंग पुकारत, आणि बरोबर असेल त्याने तो परत म्हणायचा. थोरल्या ताईचा नवरा, घरचा नवा जावई, तोसुद्धा यातून सुटला नव्हता.

ठरावीक वर्षांनी त्यांचे डोळे तपासत. डॉक्टरांच्या भिंतीवर अक्षरांचा तोच तो तक्ता. बाबांना तो पाठ होता आणि त्यांच्यामुळे आम्हालाही. आईने शाळेची पायरी चढली नव्हती, पण भाकरी थापताना ती 'ई, एफ, पी, टी, ओ, झेड' असं घडाघडा म्हणायची.

बाबांना पंचावन्न पुरी व्हायला चार महिने उरले होते, तेव्हा सरकारने निवृत्तीचं वय पंचावन्नचं अठ्ठावन्न केलं. फक्त डोळ्यांच्या तपासणीत पास व्हायचं होतं. धाकटा भाऊ नुकताच कॉलेजात गेला होता. तीन वर्षांत तो मार्गी लागला असता. मी शाळेत मास्तरीण, माझ्या पगारात काय भागणार? "देव पावला," म्हणत आईने शिरा केला. बाबांनी शिरा खाल्ला आणि उठले.

त्याच आठवड्यात संध्याकाळी मी आणि बाबा बाजारात चाललो होतो. पुलावर सिग्नल दिसला. बाबा गप्प. मी वाट पाहिली आणि शेवटी म्हणाले, "लाल." ते लगेच म्हणाले, "लाल." दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात किडा वळवळला. दिवा लाल होता, आणि मी म्हणाले, "हिरवा."

"हिरवा," बाबा म्हणाले.

"बाबा, लाल हाय तो," मी म्हणाले. त्यांनी कठडा धरला.

"पावसाळ्यापासनं असं व्हतंय. दिवा पसरतो गं. जोडीदार बोलतो, मंग मी बोलतो."

"आन् तो चुकला तर?" मी ओरडलेच. बाबांशी अशा आवाजात मी कधी बोलले नव्हते.

मी घरी कोणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण धाकट्याचं कॉलेज माझ्याही डोळ्यांपुढे होतं, आणि तपासणीच्या सकाळी मी बाबांचा सदरा इस्त्री करून दिला. त्याची लाज मला आजही वाटते.

दुपारी बाबा परतले. आई दारातच उभी होती.

"झालात पास?"

"नाय."

"अवो, तक्ता पाठ व्हता ना तुमाला?"

"म्हनून तर डाक्टरांना म्हटलं, हा काढा, दुसरा लावा."

आईने हातातली परात दाणकन आपटली. "तीन वर्सं! हातात आलेली तीन वर्सं दिलीत सोडून!"

बाबा चपला काढत होते. "घाटबी पाठ हाय मला," ते शांतपणे म्हणाले, "पर दिवा पाठ करता येत नाय गं."

आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच पिशवी देऊन आम्हाला बाजारात पिटाळलं. पुलावर बाबा थांबले आणि सिग्नलच्या बाजूला तोंड करून उभे राहिले.

"बोल," ते म्हणाले.

"हिरवा."

"खरंच ना गं?"

"खरंच, बाबा."

"हिरवा," बाबा म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले.