मामाकडची पिवळी आणि दुसरा बैल

माझ्या बहिणीच्या लग्नातली मामाकडची पिवळी साडी सर्वांत आधी मी नेसलो.

हे मी अभिमानानं सांगत नाही. पण गेली वीस वर्षं लोक ही गोष्ट माझ्यादेखत चुकीची सांगतात (मी नथही घातली होती म्हणे! साफ खोटं!), म्हणून एकदाची क्रमवार लिहून ठेवतो.

सुमीचं लग्न शनिवारी सकाळी नऊला, जाफराबादेजवळच्या आमच्या गावी. यादी अर्थातच माझ्याकडे. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, पण घरात कुणी शिंकलं तरी ते माझ्या यादीत आधीच लिहिलेलं असायचं. तीतलं एक कलम : 'मामाकडून पिवळी आणणे'. मामाची पिवळी नेसल्याशिवाय नवरी गौरीहरापुढे बसत नाही. मामा राहायचे वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीत, आणि नेमके तापानं आडवे झालेले. म्हणून मी, आमची विधवा आत्या आणि म्हादू गाडीवान जाऊन पिवळी घेऊन आलो, आणि शुक्रवारी दुपारी मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या हद्दीतल्या, जकात नाक्यावर हजर झालो.

शिपायानं गाठोडं सोडलं.

"नवा कपडा? जकात का माल. मोहरीरसाब का दाखला लगता." मोहरीर म्हणजे नाक्यावरचा कारकून.

"मग द्या की."

"आज जुम्मा है. साब कल आते. दस बजे."

शुक्रवार! वऱ्हाडात सुट्टी रविवारी, मोगलाईत शुक्रवारी. मला ठाऊक नव्हतं असं नाही, जन्म मोगलाईत गेलेला! पण बैलांच्या चाऱ्यापासून सनईवाल्यांच्या पानापर्यंत सगळं लिहिलेल्या यादीत आज वार कोणता, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

"आन् अंगावरचे कपडे?" आत्यानं विचारलं.

"अंग का कपडा माफ, अम्मा."

आत्यानं गाठोडं पुन्हा बांधलं. तिनं गाडी मागं वळवायला लावली आणि बाभळींच्या आड थांबवली.

"सोड धोतर."

"काय?"

"पिवळी नेस. अंगावरचं माफ हाय म्हनला ना तो!"

"मग तू नेस की!"

"मी? विधवेनं? नवरीची पिवळी?" तिनं लाल आलवण कपाळावर ओढलं. "अक्कल मामाकडं विसरून आल्तास का?"

"मग त्या शेतातल्या एखाद्या बाईला..."

"बाईनं नेसली की साडी वापरलेली झाली. पुरुषानं नेसलेलं धरत न्हाईत."

"हे कुठं लिहिलंय?"

"मी सांगून राह्यले न!"

म्हादू तिकडं तोंड करून उभा होता, पण त्याचे खांदे हलत होते.

"आणि मिशी?"

"पदर दातात धर."

"बोलू कसा मग?"

"बोलायचंच न्हाई. तू मुकी हायेस."

सोडलेलं धोतर कुठं ठेवायचं, म्हणून आत्यानं ते माझ्याच पोटाशी खोचलं. अशा थाटात आम्ही पुन्हा नाक्यावर आलो. शिपाई नमाजाला गेला होता (हा आत्याचाच हिशेब), आणि म्हातारा जमादार वही मांडून बसला होता. झाडाखालच्या पेरूवालीनं मला न्याहाळलं.

"बया, थोराड सून केली की! कितवा?"

"सातवा," आत्या म्हणाली.

"मंग पोरगाच. चेहराच सांगून राह्यला."

जमादारानं टाक दौतीत बुडवला. "कौन कौन?"

"मी आन् सून. मुकी हाय बिचारी, जन्माची."

"अरेरे!" जमादार खरोखर हळहळला आणि मोठ्यानं म्हणत लिहू लागला, "गाडीवान एक. औरतां दो. बैल... एक."

बैल एक! तो बसला होता बाजूला, अलीकडच्या बैलाआड पलीकडचा त्याला दिसत नव्हता. मी डोळे मिटले. दोन मिनिटांत सुटणार होतो. सुमीचं लग्न माझ्या तोंड मिटण्यावर होतं. पण सरकारी वहीत, शाईनं, दोन बैलांच्या गाडीला एक बैल?

"दोन!" मी ओरडलो. "जोडी आहे ती! दोन बैल!"

पदर दातांतून सुटला.

"अगं बया! मुकी बोलली!" पेरूवाली किंचाळली.

आत्यानं ताबडतोब हात जोडले. "पावली गं रेणुकाई!"

जमादारानं सावकाश चष्मा लावला. "और मूँछ? वो भी देवीनेच दी क्या?"

मग मी सगळं सांगितलं. मामाचा ताप, गौरीहर, नऊचा मुहूर्त, अगदी क्रमवार. जमादारानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. सुमी उद्या बोहल्यावर चढणार की नाही, ते आता त्या चष्म्यावर होतं.

"कायदा क्या बोलता? अंग का कपडा माफ. मर्द का अंग की औरत का, ऐसा कुछ लिखा नहीं." मी पायाच पडणार होतो, पण पोटातल्या धोतरानं वाकता येईना. "मगर अंग पे है तबतक माफ. उतारे तो माल! घर तक ऐसेच जाना."

आणि लक्ष ठेवायला नमाजाहून परतलेला शिपाई गाडीबरोबर दिला!

दोन कोस, भर उन्हात! आम्ही वेशीत शिरलो तेव्हा वरपक्ष नुकताच उतरत होता. सनई मध्येच थांबली. एका सुवासिनीनं पुढं होऊन मला हळदीकुंकू लावलंसुद्धा!

"ह्या कोण?" व्याह्यांनी विचारलं.

"नवरीचा भाऊ," आत्या म्हणाली. "पिवळी घेऊन आला."

विहीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घेऊन?"

शनिवारी सकाळी सुमी पिवळी नेसून वेळेवर गौरीहरापुढं बसली. ती इतकी हसत होती, की भटजींनी एकच मंत्र तीनदा म्हटला.

एक सांगायचं राहिलं. नाक्यावरून निघताना जमादारानं माझ्यासमोर 'एक' खोडून बैल दोन केले. मी म्हणालो, "आणि ते औरतां दो?"

त्यानं वही मिटली. "एक पन्ने पे एकच दुरुस्ती चलती. वो तुम्हारे बैल में गयी."

म्हणजे निजाम सरकारच्या त्या वहीत बैल अगदी बरोबर आहेत. चूक तेवढा मी आहे.