म्हशीसाठी लुगडं

अव्वा, म्हणजे माझी आई, वारल्यावर चौथ्या दिवशी अप्पांनी तिचं लुगडं नेसलं. परगावचा माणूस हे ऐकून दचकतो. आमच्या गावात कुणाची पापणी लवली नाही. म्हैस एका बाईच्या हाताला लागली आणि ती बाई माहेरी गेली किंवा अंथरुणाला खिळली, की घरातल्या बाप्यानं तिचं लुगडं गुंडाळून धारेला बसायचं, ही कमलनगरकडची जुनी रीत आहे. गावातल्या अर्ध्या मानकऱ्यांनी कधी ना कधी हे केलंय. फक्त कुणी फोटो काढून घेतलेला नाही.

आमच्या म्हशीला अव्वाशिवाय कुणाचा हात चालत नसे. अव्वा गेली तेव्हा म्हैस व्याल्याला दीडच महिना झाला होता. मी बसलो की ती लाथ मारायची, बायको बसली की पान्हा चोरायची. सगळं दूध रेडकू पिऊन टाकायचं. तिसऱ्या दिवशी अव्वाला पुरलं त्या मातीवर दूध-तूप घालायला गेलो, तर घरात दुभती म्हैस असून दूध शेजारच्या काकूंकडून मागून न्यावं लागलं. काकूंनी तांब्या भरून दिला आणि अप्पांना म्हणाल्या, "अण्णा, तिचं लुगडं नेसून बसा की. लाजायलाव कामून?"

जनावरांना माणसासारखं मन असतं की नाही, यावर आमच्या घरात पूर्वीपासून दोन पक्ष होते. एका पक्षात अव्वा एकटी. ती दोन दिवस बसवकल्याणला जाऊन आली तर म्हैस रुसते, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या पक्षात मी आणि अप्पा. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. पान्हा हे मेंदूतल्या एका स्रावाचं काम आहे, बाकी सगळं वास आणि सवय, असं मी तिला जेवताना समजावून सांगत असे. अप्पांना स्राव वगैरे माहीत नव्हतं, पण त्यांचं मत पक्कं होतं. "जनावराला पोट आस्तंय, मन न्हाई."

"तुमा दोघांला तरी कुटं हाय?" अव्वा म्हणायची आणि भाकरी वाढायची.

ती गेली तेव्हा अप्पा रडले नाहीत. खड्डा पुरेसा खोल नाही म्हणून खणणाऱ्यांशी भांडले. घरी आले, अंघोळ केली, विभूती लावली आणि पाहुण्यांना बसायला जागा आहे का ते बघत फिरले. पन्नास वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना प्रेमाचं काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं, त्यामुळे मला त्यात काही नवल वाटलं नाही. राग मात्र आला.

चौथ्या दिवशी पहाटे त्यांनी खुंटीवरचं निळं इरकल लुगडं धोतरावरूनच गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला आणि चरवी घेऊन बसले. म्हशीनं मान वळवून पदर हुंगला. मग पान्हा सोडला. मी वासाबद्दल बोलणार होतो, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "बगितलास? इसरली न्हाई तिला." म्हणजे अप्पांनी पक्ष बदलला होता. मी एकटाच उरलो.

त्यानंतर रोज दोन वेळा हेच. लुगडं धुवायचं नाही, असा हुकूम. दोन महिन्यांनी बायको म्हणाली की ते आता खुंटीशिवायही उभं राहील. त्याला शेणाचा, पेंडीचा आणि अप्पांच्या तंबाखूचा वास येत होता. अव्वाचा काही उरला असेल असं मला वाटत नव्हतं. मग म्हैस नेमकं काय हुंगते, हा प्रश्न विज्ञानाच्या मास्तराला पडायलाच हवा होता. पडलाही होता. मी विचारला नाही.

फाल्गुनात अप्पांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा ठरला. उदगीरला दवाखाना, आणि माझी बहीण अक्का तिथंच दिलेली, म्हणून चार दिवस तिच्याकडे राहायचं होतं. आदल्या रात्री त्यांनी मला सगळं दोनदा सांगितलं. पेंड किती, रेडकू कधी सोडायचं, आणि "लुगडं खुंटीला हाय, नेसून बस." सकाळी त्यांना जीपमध्ये बसवून मी शाळेत गेलो.

संध्याकाळी गोठ्यात आलो तर खुंटी रिकामी. घरभर शोधलं. बायकोनं धुतलं नव्हतं, कुणी नेलं नव्हतं. म्हैस हंबरायला लागली. शेवटी मी शाळेच्या पँटीवरच बसलो, लाथ खायच्या तयारीनं. म्हशीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रोजचं तीन लिटर दूध दिलं. सकाळी बायको बसली, तिलाही दिलं.

दुसऱ्या दिवशी मी उदगीरला गेलो. अक्काच्या खोलीत अप्पा एका डोळ्याला पट्टी लावून पडले होते. उशीखालून निळा काठ बाहेर आला होता. मी तो पाहिला आणि खिडकीकडे बघायला लागलो.

"लुगडं सापडलं न्हाई आसंल तुला," अप्पा म्हणाले.

"न्हाई."

"मंग? पान्हा सोडली का?"

उघड्या डोळ्यानं ते माझ्याकडे बघत होते. परीक्षेच्या निकालाला पोरं बघतात, तसं. मी हो म्हणालो असतो तर उद्यापासून लुगड्याची गरज संपली असती. आणि विनाकारण बायकोचं लुगडं जवळ घेऊन बसणारे अप्पा नव्हते. त्यांना म्हशीचं निमित्त लागत होतं. हे कळलं आणि खड्ड्यावरून भांडणाऱ्या अप्पांवर मी तीन महिने धरलेला राग तिथंच गळून पडला.

"न्हाई," मी म्हणालो. "लाथ मारली. रेडकूच पेलं सगळं."

"म्हन्लो न्हाई का मी," अप्पा उशीला टेकले. "जनावर इसरत न्हाई."

दूध डेअरीत घालायची सोय राहिली नाही, कारण डेअरीवाला अप्पांचा दोस्त आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. अप्पा येईपर्यंत आम्ही दार लावून बासुंदी खाल्ली.

अप्पा परत आले ते डॉक्टरांच्या सूचना घेऊन. पंधरा दिवस वाकायचं नाही, धुरात जायचं नाही, डोळ्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. म्हणजे धार काढणार मी. आणि लुगड्याशिवाय म्हैस लाथ मारते, हे मीच सांगितलेलं. अप्पांनी पिशवीतून लुगडं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

मी ते पँटीवरून गुंडाळलं. गोठा रस्त्याला लागून आहे. दहावीतल्या दोन मुली सायकलवरून चालल्या होत्या. "नमस्कार सर," म्हणून पुढे गेल्या. अप्पा समोर बाजेवर काळा चष्मा लावून बसले होते. म्हैस दूध देत होती, रवंथ करत होती आणि तिनं लुगड्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

अप्पांनी चष्मा काढला.

"पदर डोक्यावरून घे."

"कामून? सोडायलीय की ती."

"घे म्हन्लो न्हवं."

मी मनगटानं पदर डोक्यावर ओढला आणि पुन्हा धारेला लागलो. अप्पा नव्या डोळ्यानं बघत राहिले, बराच वेळ. मग त्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

डोळ्याला पाणी लागू द्यायचं नव्हतं. मी मान खाली घातली, पदर होता तसाच राहू दिला आणि उरलेली धार जरा सावकाश काढली.