मायचं माहेरचं नाव

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये उपास असतो. शेजारणी करतात तसा खिचडी-रताळ्याचा नव्हे. दोन वेळचं जेवण नाही, पाणीही नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, हा कसला मेला उपास, ज्यात खायलाच मिळत नाही. पण आता सात वर्षं झाली आणि खरं सांगते, मला तो दिवस आवडतो. दहाच्या सुमारास पोटातले कावळे ओरडून ओरडून दमतात आणि मग सगळं हलकं होत जातं. रहाटणी चौकातले हॉर्न दुसऱ्याच कुठल्या गावातून आल्यासारखे वाटतात. दुकानांच्या वरच्या मजल्यावरचा आमचा भाड्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, पडद्याच्या फटीतून आलेलं ऊन. प्रार्थना म्हणून झाली की पावाचा एक तुकडा आणि इवल्या पेल्यात पाणी देतात, तेवढंच काय ते पोटात जातं. मग ज्याला मनातलं सांगायचं असेल तो उठून सांगतो. मी कधी उठले नव्हते. मी नुसती बसायचे आणि अर्धी जागी, अर्धी तरंगत असायचे.

एरवी मी तरंगणाऱ्यातली नाही. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी तपासणीला आहे. माल मापात असेल तर पास, नसेल तर परत. न मोजताच कागदावर बरोबरची खूण करणारा कोणी सापडला की मी त्याला फाडून खाते. मला मागून काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत.

घरात मी आणि बाबा. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि आई गेल्यावर माझ्याकडे आले. त्यांच्या खोलीत दोन तसबिरी आहेत, एक बुद्धाची आणि एक निळ्या कोटातली. मी मॉर्मन, म्हणजे एका अमेरिकी ख्रिस्ती पंथाची, झाले ते कंपनीतल्या एका मैत्रिणीमुळे. बाबांना सांगितलं. वाटलं, आता आग लागणार. तर ते चष्मा पुसत म्हणाले, आपल्या घरात धर्म इचार करून घेत्यात, तू इचार केलास ना? मी म्हटलं, केला. मग झालं, म्हणाले, आणि पेपर उघडला.

त्यांना खुपला तो चहा. आमच्यात चहा-कॉफी चालत नाही. बाबांना देव नसलेला चालतो, चहा नसलेली सकाळ चालत नाही. सवयीनं ते दोन कप ठेवायचे, माझ्याकडे बघायचे आणि दोन्ही स्वतः प्यायचे. असला कसला धर्म तुजा, म्हणायचे, पाहुण्याच्या घरी जाऊन कपाला न्हाई म्हणायला लावणारा. नात्यातल्या निम्म्या बायका माझ्यावर रुसल्या त्या धर्मावरून नाही, कपावरून रुसल्या.

संध्याकाळी गॅलरीत बसून मी त्यांना आमच्या लोकांच्या गोष्टी सांगायचे. अमेरिकेतला एक शेतकऱ्याचा पोरगा, चौदा वर्षांचा. गावात चार पंथ, जो तो म्हणतो माझंच खरं. पोरगा वैतागून झाडीत गेला आणि गुडघे टेकून त्यानं देवालाच विचारलं. पुढे त्याला टेकडीत पुरलेली सोन्याच्या पत्र्यांची पोथी मिळाली असं आम्ही मानतो. लोकांनी त्याला छळलं आणि शेवटी मारलं. त्याच्या माणसांना गावोगावहून हाकललं. मग ती माणसं पश्चिमेला चालत निघाली, बरीचशी बैलगाड्यांनी, पण काहीजण तर चक्क हातगाड्या ओढत. बर्फातनं, लेकराबाळांसकट. हातगाडी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर काळेवाडी फाट्यावरची केळीवाल्याचीच यायची. तीच गाडी बर्फातून चालली आहे आणि तिच्यावर एक म्हातारी पाय सोडून बसली आहे.

बाबांनी ऐकून पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, माय बी चालतच आली होती.

बाबा त्यांच्या आईला माय म्हणतात. परभणीकडचं गाव त्यांचं. दुष्काळात माय दोन पोरं आणि एक गाठोडं घेऊन इकडे निघाली होती. कडेवरचं पोरगं म्हणजे बाबा. मी आजीला पाहिलंय ते फार लहानपणी. आठवतो तो तिच्या लुगड्याला येणारा मिसरीचा वास, बाकी काही नाही.

आमच्या चर्चमध्ये पूर्वजांना फार मान. मागच्या पिढ्यांची नावं शोधायची, लिहायची. कारण जे आमचा धर्म न कळताच गेले, त्यांच्या वतीनं आम्ही आमच्या मंदिरात, ते रविवारच्या हॉलहून वेगळं असतं, पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेऊ शकतो. आजीच्या नावानं नात उतरते. मग घरातली सगळी माणसं कायमची एकमेकांशी बांधली जातात, मरणानंतरही. गेलेल्यांना ते नाकारता येतं, असंही आमच्यात सांगतात. पण माझं लक्ष त्या ‘कायमची’ या शब्दावरच अडकलं होतं. मला भावंड नाही, लग्न केलं नाही, आई गेलेली. आपल्या देशात मंदिर अजून बांधून व्हायचंय, म्हणून आमच्या हॉलमधले काहीजण बँकॉकच्या मंदिराला जाणार होते आणि मीही जाणार होते.

तर मी बाबांना नावं विचारायला लागले. त्यांना वाटलं, लेकीला आता वंशावळ लिहायची हौस आली. मीही तसं वाटू दिलं. इथंच माझं चुकलं, पण तेव्हा कळलं नाही. दर रविवारी ते खुर्ची ओढून बसायचे आणि बोलत राहायचे. एवढं बोलताना मी त्यांना जन्मात ऐकलं नव्हतं. पुरुषांची नावं भराभर निघाली. बायकांपाशी गाडी अडली. ही अमक्याची आई, ती तमक्याची बायको. मायचं नाव सासरचं होतं, तेच सगळ्या कागदांवर. माहेरचं काय होतं, हे बाबांना आठवेना.

तीन रविवार गेले. चौथा उपासाचा होता. मी हॉलवरून येऊन भुकेनं डोळे मिटून पडले होते. बाबा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, सापडलं. मायचा भाऊ एकदाच भेटायला आला होता आणि अंगणातूनच त्यानं तिला हाक मारली होती. माय हातातलं पीठ तसंच टाकून धावली होती. ती हाक बाबांना साठ वर्षांनी ऐकू आली. नाव सांगताना त्यांचा आवाज पोरासारखा झाला. मी उठून बसले आणि दोघंही रडलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये, पहाटे मोशीच्या अलीकडे, मी मोबाईलवर चर्चच्या यादीत ते नाव भरलं. खाली प्रश्न होता, सर्वात जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी घेतली आहे काय? जवळचा नातेवाईक म्हणजे बाबा. मी बरोबरची खूण केली. न विचारता, न मोजता. मग खिडकीला डोकं टेकलं आणि मला स्वप्न पडलं. इंद्रायणीच्या पाण्यात आजी पाठमोरी उभी होती, गुडघाभर पाण्यात. मी तिला त्या माहेरच्या नावानं हाक मारत होते. ती वळेना. मी म्हटलं, लांब आहे, ऐकू जात नसेल.

बँकॉकला जायच्या आधी हॉलमधल्या एक सिस्टर, आमच्यात बायकांना असंच म्हणतात, घरी आल्या. मनानं फार चांगली बाई. बाबांचे हात हातात घेऊन म्हणाल्या, काका, तुमच्या आईसाठी तुमची मुलगी मंदिरात बाप्तिस्मा घेणार, तुम्ही परवानगी दिलीत, किती मोठं मन तुमचं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंना लिंबू सरबत करून दिलं, जिन्यापर्यंत सोडून आले. मग दार लावलं.

“माय निरक्षर होती,” ते म्हणाले, “पर धर्म तिनं सोता घेतला. लेकराला कडेवर घेऊन उभी ऱ्हायली, बावीस प्रतिज्ञा म्हणल्या. मेलेल्या माणसासाठी इधी करनार न्हाई, ही त्यातलीच एक. जलमभर तिला कुनी काई इचारलं न्हाई. लगीन इचारलं न्हाई, नाव बदललं तवा इचारलं न्हाई. ते एकच तिनं तिच्या मनानं केलं. आन् तू ते बी तिला न इचारता बदलायलीस?”

मी तोंड उघडलं. सांगायचं होतं की तिला नाकारता येतं, नुसती विचारणा असते, जबरदस्ती नसते. पण ती खूण माझ्या डोळ्यांपुढे आली. तिला सोडाच, मी तर समोर बसलेल्या माणसालाही विचारलं नव्हतं. चोर तो चोर वर शिरजोर, असं व्हायला नको म्हणून मी गप्प बसले. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दहा-बारा दिवस बाबा माझ्याशी कामापुरतं बोलले. सकाळी एकच कप चहा ठेवायला लागले. तो एक कप बघून मला भडभडून यायचं. इतकी वर्षं मी न पिताही तो दुसरा कप माझा होता, हे तेव्हा कळलं. यादीतून मी आजीचं नाव काढून घेतलं. सिस्टरांना जाऊन खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, नियम त्यासाठीच आहे, बरं केलंस. बँकॉकचं तिकीटही मी रद्द केलं. पुढच्या उपासाच्या रविवारी हॉलमध्ये मी पहिल्यांदा उठून उभी राहिले. म्हटलं, कंपनीत मी दुसऱ्यांचा माल परत पाठवते, या महिन्यात माझाच परत आला. कोणी हसलं नाही.

घरी आले तेव्हा बाबा गॅलरीत होते. मी त्यांच्या पायाशी खाली बसले आणि सांगितलं की आजीचं नाव काढलंय, परत कधी भरणार नाही. ते समोरच्या इमारतीवर वाळणारे कपडे बघत राहिले. ऊन उतरत होतं. भुकेनं माझं डोकं गरगरत होतं आणि सगळं पाण्याखालून दिसल्यासारखं दिसत होतं.

“आन् माजं?” त्यांनी विचारलं. “मी गेल्यावर माजं नाव घालशील?”

हा प्रश्न मी वर्षभर मनात येऊ दिला नव्हता. हो म्हणायची माझी छाती नव्हती. नाही म्हणणं म्हणजे तो शब्द, कायमची, आपल्या हातानं पुसणं. माझा विश्वास खरा आहे, तो मी खेळ म्हणून धरलेला नाही.

“नाही घालणार,” मी म्हटलं. “तुम्ही सांगितल्याशिवाय नाही.”

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आमच्यात आत्मा बित्मा मानत न्हाईत, ते म्हणाले, मेला की संपला.

“पर समज, तुज्या देवाचं खरं निघालं आन् वर भेटलोच आपन, तर तवा तोंडावर इचार मला. मी तिथंच असंन. तवा सांगतो.”

“आणि आजीला?”

“मायला मी आधी जाऊन इचारून ठेवतो,” बाबा म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले. आतून दोन कप काढल्याचा आवाज आला.