मुशीचं तेल लावलेली स्पोर्ट्स कार

आमच्या घरात रागीट कोण असं विचारलं की सगळे माझ्याकडे बघतात, आणि त्यानंच मला आणखी राग येतो. तरी आरटीओच्या मैदानात त्या दिवशी मी बाबांवर जशी ओरडले, तशी त्याआधी कधी ओरडले नव्हते. आमच्या लाल गाडीच्या पोटाखालून निळसर धूर निघत होता आणि त्या धुराला करपलेल्या मासळीचा वास येत होता. रांगेतले दोन रिक्षावाले नाकाला रुमाल लावून बाजूला सरकले.

गाडी बाबांची. जहाजाच्या इंजिनरूममध्ये आयुष्य घालवून ते रत्नागिरीला कायमचे परतले, तेव्हा मुंबईहून त्यांनी ही दोन दारांची, बुटकी, परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार जुनीच विकत आणली. शेजारी विचारायचे, माणसं किती बसतात? दोन. सामान किती राहतं? काहीच नाही. मग घेतलीत कशाला? बाबा म्हणायचे, “चालवायला.” मी गाडी चालवायला शिकले ती तिच्यातच. बाबांच्या डोळ्यांनी दगा दिल्यावर किल्ली आपसूक माझ्याकडे आली, आणि शाळेत गणित शिकवणारी बाई असली गाडी घेऊन येते याची गावात पुष्कळ थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांना मी कधीच लिफ्ट दिली नाही.

मग तिचं इंजिन गेलं. गेलं म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेलं. मुंबईचा माझा भाऊ फोनवर म्हणाला, भंगारात द्या आणि मोकळे व्हा. त्यानं हातखंब्याचा एक भंगारवालाही शोधून ठेवला. मी हट्टाला पेटले. त्याच कंपनीच्या एका अपघातग्रस्त घरगुती गाडीचं, नव्या नियमांत बसणारं इंजिन शोधलं, ते बदलायची रीतसर परवानगी काढली, आणि नाचणे गावातल्या गॅरेजवाल्या मेस्त्रींबरोबर रविवारमागून रविवार गाडीखाली झोपून काढले. नवीन इंजिनाला नवीन वायरिंग लागलं, नवीन सायलेन्सर लागला, धूर स्वच्छ करणारा नवा डबा लागला. ज्या संध्याकाळी ते पहिल्यांदा सुरू झालं, त्या संध्याकाळी मेस्त्री आणि मी उभ्यानंच चहा प्यायलो, कारण बसायचं आम्हाला सुचलंच नाही.

पण घरातला निकाल बाबांनी आधीच देऊन ठेवला होता. नोंदणीची मुदत संपत आली होती. मुदतीच्या आत तपासणीत पास झाली तर गाडी राहील, नाही तर हातखंब्याला जाईल. त्यावर वाद नाही. पास झाली तर ती माझी व्हावी असं मला फार वाटत होतं, पण हे मी कुणाला बोलले नव्हते, आणि बाबा असल्या बाबतीत तोंडातून अक्षर काढत नाहीत. मुदतीचा शेवटचा दिवस म्हणजे हाच, मासळीच्या धुराचा.

तपासणीला एक तरुण मॅडम होत्या. कडक, पण वाकड्यात शिरणाऱ्या नव्हत्या. त्यांनी चेसिस नंबर पाहिला, इंजिनाचा नंबर परवानगीच्या कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला, दिवे, ब्रेक, हॉर्न सगळं तपासलं. “इंजिन बदललेलं आहे ना, पीयूसी माझ्यासमोर होईल,” असं म्हणून त्या मागच्या बाजूला आल्या आणि थांबल्या.

“हा धूर कसला?”

मी जमिनीवर सपशेल आडवी झाले आणि खाली डोकं घातलं. धूर नळीच्या तोंडातून येत नव्हता. नळीच्या अंगावरून येत होता. सायलेन्सर, डबा, जोड, सगळ्यावर पिवळट चिकट थर होता आणि तो तापून उकळत होता. ते मुशीचं, म्हणजे लहान शार्क माशाचं, तेल होतं. आमच्याकडे होडीच्या लाकडाला हे तेल लावतात, खारं पाणी आत शिरू नये म्हणून. त्याचा वास एकदा नाकात गेला की माणूस विसरत नाही.

मी मॅडमना सांगितलं, धूर आतला नाही, बाहेरचा आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, “असेल. पण मला धूर दिसतोय तोवर मी नळीत मोजणीची काडी घालणार नाही. कचेरी बंद व्हायच्या आत बिनधुराची आणा, नाही तर नापास लिहावं लागेल.”

मी वळले. बाबा गाडीच्या दारापाशी उभे होते आणि समोरच्या आंब्याकडे फार लक्षपूर्वक बघत होते.

“तुम्ही लावलंत?”

“काल दुपारी. तू शाळेत होतीस. नवीन लोखंड गो, खाऱ्या वाऱ्यात उघडं ठेवायचं काय?”

मग मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. जहाजावर एवढी वर्षं इंजिनं सांभाळली, तापणाऱ्या नळीला तेल लावू नये एवढं कळलं नाही का, हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मी दम खायला थांबले तेव्हा म्हणाले, “वाईच ऐक. चुकलं माझं. पण पुसायला जाऊ नको, पुसून ते जायचं नाही. जाळून टाकूया. चल, बस. दाब चांगली.”

पटलं मला. राग होताच, पण पटलं. आम्ही निघालो. साळवी स्टॉप मागे पडला, कुवारबाव मागे पडलं, आणि धूर काही कमी होईना. हातखंब्याच्या नाक्यावर गाडी हळू करावी लागली, तेव्हा वड्यांच्या गाडीवरचा माणूस हातातला झारा कढईवर तसाच धरून आधी आपल्या तेलाकडे आणि मग आमच्याकडे बघत राहिला. मला हसू आलं. बाबा हसले नाहीत, कारण भंगारवाल्याचं दुकान तिथून दिसत होतं.

महामार्गाला लागून आम्ही निवळी घाटाकडे वळलो.

“तिसऱ्यातच ठेव,” बाबा म्हणाले. “चौथा टाकू नको. चढावर ओढू दे तिला.”

मी ओढू दिलं. त्या इंजिनाला मी पहिल्यांदाच एवढा पाय दिला होता. गॅरेजच्या गल्लीत ते गुमान घरगुती गाडीसारखं वागायचं. घाटाच्या चढावर त्यानं जो आवाज काढला, तो ऐकून माझा राग कुठल्या वळणावर उतरून गेला ते समजलंच नाही. गाडी वळणं अशी घेत होती की स्टेअरिंग नुसतं धरून ठेवायचं काम होतं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. आम्ही तो घाट चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. तिसऱ्या चढाला मी आरशात बघितलं तर मागे फक्त रस्ता होता. वास राहिला होता, तोही पुसट.

“झालं,” बाबा म्हणाले. “आता गार होऊ देऊ नको, तशीच ने.”

मैदानात परतलो तेव्हा रांग संपली होती. मॅडम स्वतः खाली वाकल्या, टॉर्च मारला, नाक मुरडलं. “मासे कुठले होते?”

“मुशी,” बाबा म्हणाले.

मॅडमनी नळीत काडी घातली. आधी इंजिन संथ ठेवून मोजलं. आकडे पडद्यावर वर चढले, डगमगले आणि मर्यादेच्या पुष्कळ खाली येऊन थांबले. मग म्हणाल्या, आता इंजिन रेस करा, आणि धरून ठेवा. मी सुई हलू दिली नाही. पडद्याकडे बघवेना म्हणून मी बाबांकडे बघत होते. त्यांनाही आकडे दिसत नव्हते, ते इंजिनच ऐकत होते. मॅडमनी काडी काढून घेतली.

“पास. चांगलं पास. नव्या गाड्यासुद्धा कधी कधी एवढ्या स्वच्छ येत नाहीत.”

मी इंजिन बंद केलं आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंगवर थाप मारली. रिक्षावाल्यांपैकी एक अजून तिथंच होता, त्यानं लांबूनच अंगठा दाखवला. एवढी खूश मी बी.एड.चा निकाल लागला तेव्हाही नव्हते, आणि ते मी सगळ्यांना सांगतही सुटले.

मॅडमनी कागद पुढे केला. “मालकांची सही हवी. गाडी कोणाची?”

बाबांनी पेन घेतलं. “कागदावर नाव माझं आहे, सही मी करतो,” ते म्हणाले. “पण गाडी हिची. हे इंजिन हिनं बसवलंन.”

मला रडू आलं. ते लपवावं असंही वाटलं नाही.

“मग त्यांच्या नावावर करून टाका की,” मॅडम म्हणाल्या.

“करायचीच आहे. त्याचा फॉर्म कुठं मिळतो?”

मॅडमनी कोपऱ्यातली खिडकी दाखवली, आणि बाबा माझी वाट न बघता तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.